शिकंज्यातलं पुस्तक

अक्का : आज झावळ्यांचा रविवार आहे, भावोजी. आणि आपण काल संध्याकाळीच प्रभूला वधस्तंभावर देऊन मोकळे झालो.

बाइंडर : आधी बसा तरी, अक्का. आल्या आल्या काय काढलंत.

अक्का : बसते. कंबर सरळ होऊ दे. दर रविवारी तुमचं हे शटर अर्धं ओढलेलं. या वयात चोरासारखं वाकून आत शिरायचं म्हणजे शिक्षाच आहे.

बाइंडर : पूर्ण उघडलं की लोकांना वाटतं दुकान चालू आहे. मग कुणीतरी फाटकं पुस्तक घेऊन येतं.

अक्का : येऊ दे की. तेवढीच माणसाची चाहूल. बसू कुठे? या खुर्चीवर पुठ्ठे, त्या खुर्चीवर पुठ्ठे.

बाइंडर : तुमची खुर्ची ही. पुसून ठेवलीय. फक्त त्या खळीच्या डब्याला पाय लावू नका, ताजी शिजवलीय.

अक्का : नाही लावत. तर मी काय म्हणत होते? सकाळी देवळात सगळ्यांच्या हातात झावळ्या. पाळक म्हणाले, आजपासून दुःखसहनाचा आठवडा सुरू. मी मनात म्हटलं, सुरू? आमच्याकडे शेवटचं भोजन झालं, पेत्राने नाकारून झालं, कोंबडासुद्धा आरवून गेला. काल तर तुम्ही वाचता वाचता नाक शिंकरलंत.

बाइंडर : कागदाची धूळ होती.

अक्का : असेल. पण हा काय प्रकार आहे? देवळात प्रभू आज शहरात शिरतोय, आणि इथे तुमच्या दुकानात तो थडग्यात आहे.

बाइंडर : पाळकांचं पुस्तक वेगळं असेल.

अक्का : पुस्तक वेगळं असेल, प्रभू एकच आहे ना? ईस्टर पुढच्या रविवारी. आपल्याकडे आजचं धरून दोन धडे उरलेत. आजचा, आणि शेवटचा, उठण्याचा. म्हणजे उद्या सोमवारी आपण त्याला उठवणार. कॅलेंडरला न विचारता.

बाइंडर : मग आज नको वाचायला. थांबू या की. आठवडाभर थांबू.

अक्का : आठवडाभर मी येऊ नको म्हणता?

बाइंडर : तसं कुठं म्हटलं मी?

अक्का : मग येऊन करायचं काय? तुमचे पुठ्ठे मोजू?

बाइंडर : नाही... म्हणजे तुम्ही म्हणाल तसं.

अक्का : मी काय म्हणायचं. ठरलंय ना आपलं. पुस्तक संपलं की ते माझं. पिशवी आणलीय मी आज. उद्या शेवटचा धडा वाचायचा, आणि मी ते घेऊन घरी जायचं. उद्यापासून तुम्हीही सुटलात.

बाइंडर : मी कुठं अडकलो होतो?

अक्का : रोज संध्याकाळी हातातलं काम टाकून म्हातारीसमोर बसायचं म्हणजे अडकणंच. माझी धाकटी बहीण जिवंत होती तेव्हा तिच्यासाठी एक दिवस काम टाकून वर घरी गेला नाहीत. माझ्यासाठी टाकलंत, हे काही कमी नाही.

बाइंडर : तुम्ही म्हातारी वगैरे म्हणू नका. मेट्रन होता तुम्ही. अजून तुमच्या आवाजाने मी खुर्चीवर सरळ बसतो.

अक्का : मेट्रन होते. आता बसमध्ये कंडक्टरसुद्धा ऐकत नाही. आणा ते पुस्तक. शिकंज्यातच ठेवलंय का अजून?

बाइंडर : हो. रात्री दाबाखाली असलेलं बरं. जुना कागद आहे, वळतो.

अक्का : तुमच्या या शिकंज्याने फसवलं मला. राखेच्या बुधवारी, उपवास सुरू झाले त्या दिवशी, मी धाकटीचं पुस्तक न्यायला आले होते. फक्त न्यायला. कपाळाची राखसुद्धा पुसली नव्हती. नाताळापासून मागत होते मी, आणि तुमचं आपलं एकच, बांधून देतो, शिलाई उसवलीय, बांधून देतो. त्या दिवशी आले, तर साहेब म्हणाले, खळ ओली आहे अक्का, आज नेलंत तर कणा मोडेल. इथंच बसून पहिला धडा वाचा.

बाइंडर : ओली होतीच.

अक्का : दुसऱ्या दिवशी पण ओली?

बाइंडर : हवेत दमटपणा होता.

अक्का : तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही. म्हटलं, आता सुरुवात झालीय तर इथंच वाचू. घरी तरी कोण ऐकायला बसलंय.

बाइंडर : तेच की. वाचायला एक आणि ऐकायला एक लागतं.

अक्का : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

बाइंडर : असंच... असतं ना तसं. चष्मा घ्या. आज तुमची पाळी.

अक्का : दिवा जरा इकडे सरकवा. हं. 'शनिवार. आज काहीही घडत नाही. थडग्याच्या तोंडावर धोंड आहे. बाया घरी आहेत. सुगंधी द्रव्ये कुटून तयार आहेत, पण आज विसाव्याचा दिवस, म्हणून त्यांना जाता येत नाही. शिष्य दार लावून बसले आहेत. कोणी कोणाशी बोलत नाही, कारण बोलण्यासारखे जे होते ते काल मेले.'

बाइंडर : दमलात का? मी वाचू पुढचं?

अक्का : नाही. थांबा. दर वर्षी उपवासात धाकटी हे पुस्तक मला फोनवर वाचून दाखवायची ना, ती या वाक्याला थांबायची. फोनवर मला वाटायचं लाइन गेली. मी हॅलो, हॅलो करायचे. मग म्हणायची, आहे गं, इथंच आहे.

बाइंडर : मला खाली नुसती गुणगुण यायची. तिचा आवाज वरून यायचा, शब्द कळायचे नाहीत. मला वाटायचं, दोघी बहिणी माझ्या कागाळ्या करताहेत.

अक्का : त्याही करायचो. धडा झाल्यावर. 'उद्या काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून त्यांचा शनिवार आपल्या शनिवारापेक्षा मोठा होता. वाचका, स्वतःला विचार : माझ्या घरात कोणाचा शनिवार चालू आहे, आणि मी त्याच्याजवळ बसलो आहे काय?'

बाइंडर : झालं?

अक्का : झालं काय? प्रश्न आहे. उत्तर द्यायचंय.

बाइंडर : विचार करून सांगतो. चहा ठेवू?

अक्का : हे बघा. पहिल्या दिवसापासून बघतेय. प्रश्न आला की यांना चहाची आठवण. क्षमेचा प्रश्न होता तेव्हा दूध आणायला गेलात. आज चहा नको. बसा.

बाइंडर : आधी तुम्ही द्या उत्तर.

अक्का : माझं सोपं आहे. माझ्या घरात एकच माणूस आणि शनिवार त्याचाच. जवळ बसायचं म्हणजे आरशासमोर बसायला हवं. झालं माझं. आता तुम्ही.

बाइंडर : माझंही तेच समजा.

अक्का : कॉपी करता? वॉर्डातल्या शिकाऊ पोरी करायच्या तशी. बरं, जाऊ दे. मागे आणखी काही आहे का बघू. एखादी प्रार्थना, एखादं गीत. हा आठवडा काढायला काहीतरी लागेल ना.

बाइंडर : मागे काही नाही. कोरी पानं आहेत. पुस्तक उसवलं की आम्ही मागे दोन कोरी घालतो, राखणीला. द्या इकडे, दाबाखाली ठेवतो.

अक्का : ठेवाल हो, घाई काय. कोरं एक... कोरं दोन... आणि हे? हे तर छापलेलं आहे.

बाइंडर : कुठं?

अक्का : तुम्ही बांधलंय आणि तुम्हीच विचारता कुठं? 'वाचकांस दोन शब्द.' अहो, ही प्रस्तावना आहे. सुरुवातीचं पान. हे कोऱ्या पानांच्या मागे कसं आलं?

बाइंडर : पानांचा फर्मा लावताना खालीवर झाला असेल. होतं असं.

अक्का : तुमच्या हातून?

बाइंडर : वय झालं, अक्का.

अक्का : भावोजी, कोर्टाची दप्तरं तुम्ही बांधलीत, देवळाची गीतपुस्तकं तुम्ही बांधलीत. एक पान कधी इकडचं तिकडे झालं नाही. धाकटी म्हणायची, यांना माझा वाढदिवस आठवत नाही, पण दहा वर्षांपूर्वीच्या डिक्शनरीचं कुठलं पान दुमडलं होतं ते आठवतं. आणि बायकोच्या पुस्तकाची प्रस्तावना शेवटी लागली? वर दोन कोरी पानं पांघरून?

बाइंडर : वाचू नका ते. जुनं काहीतरी आहे.

अक्का : आता तर वाचणारच. 'हे पुस्तक दोघांनी मिळून वाचावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे.' बघा, इथून आलं तुमचं ते! 'धड्यानंतरचा प्रश्न टाळू नये.' हे तुमच्यासाठी. 'रविवारी धडा ठेवलेला नाही.'

बाइंडर : अक्का...

अक्का : 'रविवारी धडा ठेवलेला नाही, एक ईस्टर सोडून. उपवासाच्या चाळीस दिवसांत रविवार मोजत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा प्रभूच्या उठण्याचा दिवस आहे. त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवावे, आणि आपल्या माणसांत जाऊन बसावे.'

बाइंडर : तेवढंच आहे.

अक्का : तेवढंच? म्हणून आपण पुढे धावलो तर! प्रत्येक रविवारी एक धडा खाल्ला आपण. पाळक चुकले नाहीत, देऊळ चुकलं नाही, हे दुकान चुकलं. आणि तुम्हाला ठाऊक होतं.

बाइंडर : हो.

अक्का : मुद्दाम मागे बांधलंत.

बाइंडर : हो. टाकून द्यायचं मनात आलं होतं, पण पान टाकवत नाही हो मला. कुणाचंही असो. म्हणून मागे नेलं, आणि वर कोरी लावली.

अक्का : पण का?

बाइंडर : का म्हणजे काय, अक्का? पुढे लावलं असतं तर पहिल्याच दिवशी तुम्ही वाचलं असतंत. रविवारी आला नसतात. एवढंच आहे. सोमवार ते शनिवार मशीन चालते, माणसं येतात, कुणी घाई करतं, कुणी घासाघीस करतं, दिवस जातो. रविवारी मी सकाळी उठतो आणि संध्याकाळपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही. एका रविवारी मी खळीच्या डब्याशी बोललो. खरं सांगतो. म्हटलं, काय रे, घट्ट झालास.

अक्का : डब्याशी.

बाइंडर : हसा.

अक्का : हसत नाहीये. मी रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं देते. पण मला एक कळत नाही. हे पान म्हणतंय रविवारी वाचू नका. आणि धाकटीही रविवारी वाचायची नाही. इतक्या वर्षांत रविवारी एकदा फोन आला नाही तिचा. पण तिने मला ह्या पानाचं कधी सांगितलं नाही.

बाइंडर : काय सांगितलं होतं?

अक्का : म्हणायची, रविवारी नको अक्का, रविवारी हे घरी असतात. आम्ही दोघं असतो.

बाइंडर : असं म्हणायची?

अक्का : दर वर्षी. मला राग यायचा तुमचा, खोटं कशाला बोलू. म्हणायचे, आठवडाभर बहिणीला माझ्या गळ्यात घालतात आणि रविवारी आपल्याकडे ओढतात. पण बरंही वाटायचं. म्हटलं, चला, एक दिवस तरी नवऱ्याशी बोलते. काय झालं? असे का बघताय?

बाइंडर : काही नाही.

अक्का : भावोजी.

बाइंडर : रविवारी मी इथंच असायचो, अक्का.

अक्का : इथं? खाली?

बाइंडर : शटर अर्धं ओढून. देवळातून यायचो, वर जाऊन जेवायचो, आणि खाली यायचो. काम असायचंच असं नाही. कधी नुसते दोरे ओवून ठेवायचो. वर मला सुचायचं नाही. मूलबाळ नाही, बोलायचं ते सगळं बोलून झालेलं. तीही म्हणायची नाही की बसा. मला वाटायचं, तिला माझी अडचणच होते.

अक्का : मग ती काय करायची? दिवसभर?

बाइंडर : खिडकीत बसायची. संध्याकाळी मी कात्रणं टाकायला बाहेर आलो की वर दिसायची. हात करायची. मीही करायचो. मला वाटायचं, बघतेय रस्ता, बरी आहे.

अक्का : आणि मला सांगायची, आम्ही दोघं असतो.

बाइंडर : हे मला आज कळतंय. इथं, तुमच्या तोंडून.

अक्का : एक दिवस, एक दिवस तिच्यासाठी तुम्हाला जिना चढवला नाही? किती पायऱ्या आहेत त्या?

बाइंडर : बोला. बोला तुम्ही.

अक्का : बोलू काय! तुमचं नाव राखलं तिने माझ्यापाशी. बहिणीपाशी! नवरा खाली दोरे ओवतोय, आणि ही माझ्यापाशी त्याचा संसार सजवून ठेवतेय. मी तिला चिडवायचेसुद्धा. म्हणायचे, बाई आता उद्या आमची आठवण कशाला येईल, उद्या रविवार. आणि ती हसायची. फोनवर हसायची ती!

बाइंडर : म्हणून मी त्या प्रश्नाला उत्तर देत नव्हतो. माझ्या घरात कोणाचा शनिवार चालू होता, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. अर्धवट ठाऊक होतं. तिचा रविवारच शनिवार होता, आणि मी तिच्या पायाखाली एक मजला, दोरे ओवत बसलो होतो. हे घ्या उत्तर.

(अक्का पुस्तक मिटून मांडीवर ठेवते.)

बाइंडर : ती गेल्यावर पहिला रविवार आला ना, तेव्हा मी वर तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. खिडकीत. रस्त्यावर काही नाही हो, अक्का. समोर एक भिंत आहे, आणि थोडासा फुटपाथ. बघण्यासारखं तिथं काहीच नाही. इतकी वर्षं ती काय बघत होती?

अक्का : तुम्ही बाहेर येण्याची वाट.

बाइंडर : तेव्हापासून वर बसत नाही मी. नुसता झोपायला जातो.

अक्का : पाणी द्या मला.

बाइंडर : हे घ्या. सावकाश.

अक्का : तुम्हाला एकट्याला बोलून उपयोग नाही. फोन माझ्याकडेही होता. रविवारी तिने केला नाही, तर मी करायला काय झालं होतं? करायचा होता की. पण मी मानाची! म्हटलं, त्यांच्यात आपण कशाला. आणि स्वतः काय करत होते? रविवारची ड्यूटी मागून घेत होते. बाकीच्या नर्सा पाया पडायच्या माझ्या, मेट्रन किती चांगल्या, आम्हाला रविवार देतात. चांगल्या कसल्या. मला घरी जायचं नसायचं.

बाइंडर : आणि आता?

अक्का : आता काय, ड्यूटी कुणी देत नाही. देवळात जाते. सुटल्यावर दारात पाळक हात हातात घेतात, म्हणतात, कशा आहात? मी तोंड उघडेपर्यंत त्यांच्या हातात पुढच्या माणसाचा हात असतो. मग जो तो आपल्या घरी. मी बसस्टॉपवर. एका रविवारी मी शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले आणि त्याच बसने परत आले. नुसती.

बाइंडर : मला सांगायचंत.

अक्का : काय सांगायचं? भावोजी, मला करमत नाही, असं? त्यापेक्षा पुस्तक मागणं सोपं होतं.

बाइंडर : म्हणजे पुस्तक...

अक्का : पुस्तक हवंच होतं मला. तिचा आवाज आहे त्यात. पण नाताळात मागितलं, तुम्ही दिलं नाहीत, तर मी पुन्हा आले ना मागायला? आणि पुन्हा? नाहीतर पोस्टाने पाठवा म्हणाले असते.

बाइंडर : हे माझ्या लक्षातच आलं नाही.

अक्का : तुमच्या लक्षात काय येतं? पानांचं तरी येतं असं वाटलं होतं, तेही नाही. एवढं डोकं लावून रविवार चोरलात, पण पुढे काय होईल याचा विचार केलात का? धडे तेवढेच. रविवार वाढवले की पुस्तक आधी संपणार. आता दुःखसहनाचा आठवडा तोंडावर आलाय, आणि आपल्याकडे वाचायला काही नाही!

बाइंडर : नाही आलं लक्षात. काल रात्री आलं. शिकंज्यात ठेवायला पुस्तक मिटताना हाताला लागलं, डाव्या बाजूला सगळं, उजव्या बाजूला जेमतेम दोन धडे. आयुष्यभर पानं जुळवली, अक्का, आणि इथं फसलो. रविवार मिळवायच्या नादात अख्खा आठवडा गेला.

अक्का : अधाशी माणूस.

बाइंडर : आहे खरा.

अक्का : सणाचं जेवण आदल्या आठवड्यातच उरकून बसलेला अधाशी माणूस. धाकटीला सांगायला हवं होतं हे. पोट धरून हसली असती.

बाइंडर : हसली असती. मग खोकला आला असता.

अक्का : हो. मग म्हणाली असती, आहे गं, इथंच आहे.

बाइंडर : अंधार पडत आला, अक्का. तुमची बस.

अक्का : हं. निघते.

बाइंडर : उद्याचा धडा तेवढा राहिला. शेवटचा.

अक्का : तो उद्या नाही वाचायचा. तो पुढच्या रविवारचा. इतका वेळ थांबला तो, आणखी एक आठवडा थांबेल. मी एकटी वाचेन हवं तर. सकाळी, देवळातून आल्यावर.

बाइंडर : बरोबर आहे. तुमचंच पुस्तक. ठरलं होतं. मी उगाच अडवून धरलं. ते मागचं पान पुढे लावून देऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे.

अक्का : नको. राहू दे तिथंच. तुमची चूक म्हणून शोभतं ते.

बाइंडर : मग कागदात बांधून देतो. बाहेर दव पडतं.

(बाइंडर पुस्तक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि वरून दोरा बांधतो. साध्या गाठीला बराच वेळ लावतो. अक्का पिशवी हातात धरून उभी राहते.)

बाइंडर : हे घ्या. पावसापाण्यापासून जपा. आणि उघडं उलथं ठेवू नका, कणा दुखावतो.

अक्का : सोडा तो दोरा.

बाइंडर : का? नीट बांधलाय.

अक्का : सोडा म्हणते ना. कागद काढा. कणा बघू इकडे.

बाइंडर : काय झालं? उसवलं कुठं?

अक्का : हे काय. हात लावून बघा. ओलं आहे अजून.

बाइंडर : अक्का, खळ एका रात्रीत वाळते. हे तर केव्हाच...

अक्का : तुम्हाला काय कळतंय त्यातलं? ठेवा परत शिकंज्यात. वाळलंय की नाही ते मी उद्या येऊन बघते.